वरून की खालून?

पुण्या-मुंबईत हल्ली कोणाकडे जेवायला जायचं म्हटलं की यजमान पत्ता सांगत नाहीत, आधी एक प्रश्न विचारतात. "तुम्ही वरून येणार की खालून?" वरून म्हणजे पुलावरून आणि खालून म्हणजे पुलाखालून, हे आता शाळकरी पोरालाही कळतं. उत्तर काहीही दिलं तरी पुढचं मार्गदर्शन ठरलेलं असतं. "वरून आलात तर आमची बिल्डिंग उजव्या हाताला दिसेल, पण येता येणार नाही. खालून आलात तर येता येईल, पण दिसणार नाही." पाहुणा गप्प झाला की यजमानांना दया येते. "असं करा, पूल उतरलात की पेट्रोल पंपाशी थांबा. मी मुलाला स्कूटरवर पाठवतो." मुलगा पाच मिनिटांत हजर होतो, कारण तो राँग साइडने आलेला असतो.

आपल्याकडे पत्ता सांगण्याचं सगळं शास्त्र चौकावर उभं आहे. चौकात मारुती असतो, वडाचं झाड असतं आणि पानाची टपरी असते. "तिथे कोणालाही विचारा" हे पत्त्याचं शेवटचं वाक्य. त्याच्या भरवशावर माणसं अर्धवट पत्ता घेऊन नागपूरहून कोल्हापूरला निर्धास्त निघायची. चौकात गाडी बाजूला घ्यायची, काच खाली करायची, टपरीवाल्याला विचारायचं. त्याने सांगितलेलं शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला पटायचं नाही. मग दोघांचा वाद ऐकून आपला आपण निष्कर्ष काढायचा आणि चहा पिऊन निघायचं. या पद्धतीत रस्ता चुकत नसे असं नाही, पण एकट्याने चुकावं लागत नसे.

पुलावर टपरी नसते. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

सुरुवातीला पुलांनी फारसा त्रास दिला नाही. मुंबईतला पहिला उड्डाणपूल १९६५ साली केम्प्स कॉर्नरला झाला. तेव्हा लोक मुलाबाळांना घेऊन तो पाहायला जात असतील तर त्यात नवल नाही. त्यानंतर १९९५ ते १९९९ या काळात युतीच्या सरकारने मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा संकल्प सोडला, तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री असलेल्या नितीन गडकरी यांना पुलांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तरीही हे पूल स्वभावाने सरळ होते. एका टोकाला चढायचं, दुसऱ्या टोकाला उतरायचं. मधे विचार करण्याजोगं काही नव्हतं. फार तर उतरल्यावर कळायचं, की आपल्याला ज्या दुकानात जायचं होतं ते मागे, पुलाखाली राहिलं. तिथून यू-टर्न घ्यायचा आणि ज्याने पूल बांधला त्याच्या घराण्याचा उद्धार करत परत यायचं. एवढ्यावर भागत होतं.

मग पुलांना फांद्या फुटल्या. एक रॅम्प डावीकडे, एक जरा पुढे जाऊन पुन्हा डावीकडे, एक वरच्या वर वळणारा, एक खालून येऊन आपल्याला भेटणारा. याला इंटरचेंज म्हणतात. इंटरचेंजचा पहिला नियम असा, की उजवीकडे जायचं असेल तर डावीकडे वळा.

ही चेष्टा नाही, भूमिती आहे. डाव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या आपल्या देशात समोरून येणाऱ्या गाड्यांना न अडवता उजवीकडे जायचं असेल, तर आधी पुलावरून किंवा पुलाखालून पुढे जायचं, मग डावीकडच्या गोल रॅम्पवर शिरायचं आणि तीन चतुर्थांश वर्तुळ पूर्ण करून हव्या त्या रस्त्याला लागायचं. अशी चार वर्तुळं चार कोपऱ्यांत मांडली की चारपानी क्लोव्हर गवताच्या पानाचा आकार होतो, म्हणून त्याला क्लोव्हरलीफ म्हणतात. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या आर्थर हेल या अभियंत्याला या रचनेचं पेटंट मिळालं ते २९ फेब्रुवारी १९१६ रोजी. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला मिळालेली ही कल्पना आपल्या गळी उतरायला एक शतक पुरलं नाही. चेन्नईत काठीपाऱ्याला २००८ साली असा मोठा क्लोव्हरलीफ झाला आणि आता महाराष्ट्रातही महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्याची भावंडं दिसू लागली आहेत.

आमच्या मामांना ही कल्पना अजून मान्य नाही. मामा गेली कित्येक वर्षं गाडी चालवत आहेत. फियाटच्या काळात त्यांनी खंडाळ्याचा जुना घाट गाडी गरम न करता चढवला होता, हे ते प्रत्येक इंटरचेंजवर सांगतात. त्यामुळे त्यांना रस्ता दाखवण्याचं काम मागच्या सीटवरून आणि बेताने करावं लागतं.

"मामा, आता डावीकडे घ्या."

"डावीकडे कशाला? तो बघ, डोंगर उजवीकडे दिसतोय. आपल्याला डोंगराकडे जायचंय."

"हो, पण डावीकडून उजवीकडे जाता येतं."

"हे कोणी ठरवलं?"

"रस्ता बांधणाऱ्यांनी."

"मला विचारलं होतं?"

"अहो, तो सांगतोय तर घ्या ना डावीकडे," मामी म्हणतात.

"अगं, माणूस जिकडे बघतो तिकडे जातो. देवाने डोळे कशाला दिलेत?"

एवढ्या संभाषणाला साधारण अर्धा किलोमीटर लागतो आणि रॅम्प तेवढ्या अंतरात मागे पडतो. इथे चौकाचा आणि इंटरचेंजचा खरा फरक कळतो. चौक तुम्हाला तिथे पोचल्यावर विचार करू देतो. सिग्नल लाल असतो तेवढ्या वेळात घरचा वाद मिटवता येतो. उजवीकडच्या रांगेत उभं राहून डावीकडे जायचं ठरवलं तरी शेजारच्याकडे पाहून हात हलवला, थोडं ओशाळं हसलं की काम होतं. इंटरचेंजला तुमचं हसणं दिसत नाही. तिथे निर्णय अर्धा किलोमीटर आधी झालेला असावा लागतो. आपल्याकडे लग्नाला आहेर काय द्यायचा याचा निर्णय मांडवाच्या दारात होतो. असल्या समाजाला अर्धा किलोमीटर आधी निर्णय घ्यायला सांगणं हा मोठा सांस्कृतिक बदल आहे आणि त्यासाठी कोणीही लोकशिक्षण केलेलं नाही.

ज्यांचा निर्णय झालेला नसतो त्यांच्यासाठी रस्ता बांधणाऱ्यांनी एक जागा ठेवली आहे, असा बऱ्याच जणांचा समज आहे. मुख्य रस्ता आणि रॅम्प जिथे वेगळे होतात तिथे पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा एक त्रिकोण रंगवलेला असतो. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणाने इथे गाडी घालू नये, असा त्या पट्ट्यांचा अर्थ. प्रत्यक्षात संध्याकाळी कोणताही इंटरचेंज पाहा, त्या त्रिकोणात चारही इंडिकेटर लावून दोन मोटारी आणि एक टेम्पो उभा असतो. मोटारींत कौटुंबिक सभा चालू असते. टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरून फोनवर मालकाला विचारत असतो, "शेठ, वरून घेऊ की खालून?" शेठ कुठल्या तरी तिसऱ्याच पुलाबद्दल बोलत असतात.

या सगळ्या प्रकाराचं तीर्थक्षेत्र म्हणजे पुण्याचा चांदणी चौक. कोथरूड, बावधन, पाषाण, वारजे, मुळशी, एनडीए आणि मुंबई-बंगळुरू महामार्ग अशी सगळी मंडळी एकाच जागी भेटत असल्याने तिथली कोंडी प्रसिद्ध होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याकडे निघालेले तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः त्या कोंडीत अडकले आणि मग कामाला वेग आला. सामान्य माणूस वर्षानुवर्षं अडकला तर तो रोजचा प्रवास असतो, मुख्यमंत्री एकदा अडकले तर ती समस्या असते. त्यानंतर कोंडी सोडवण्यासाठी मुख्यमंत्र्यांना राज्यातल्या प्रत्येक चौकातून एकदा न्यावं, अशी एक व्यवहार्य सूचना पुणेकरांनी केली होती, असं म्हणतात. पुणेकर केवळ सूचना करून थांबतात हे या शहराचं दुर्दैव.

तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडायचं ठरलं. नोएडाचे जुळे मनोरे नऊ-दहा सेकंदांत जमीनदोस्त करणाऱ्या कंपनीलाच हे काम दिलं होतं. सुमारे ६०० किलो स्फोटकं भरली, महामार्ग बंद केला, उलटी गणती झाली, धुरळा उडाला. धुरळा बसल्यावर पाहतात तो पुलाचा बराच सांगाडा जागेवरच. तो उरलेला भाग पोकलेन लावून उतरवावा लागला. गगनचुंबी मनोरे जे ऐकतात ते पुण्यातला पूल ऐकेलच असं नाही, एवढा बोध त्या रात्री देशाला झाला.

मग १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या चांदणी चौकाचं उद्घाटन झालं. खर्च ८६५ कोटी रुपये, आठ रॅम्प, आणि सगळे रस्ते एकापुढे एक जोडले तर लांबी जवळपास १७ किलोमीटर. म्हणजे कोथरूडहून हडपसरला जाऊन वर चहाला थांबता येईल एवढा रस्ता एका चौकात मावला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत ड्रोनने काढलेली छायाचित्रं छापून आली. दिवे लागलेले, वळणं एकमेकांना न शिवता एकमेकांवरून गेलेली, फार देखणं दृश्य. वरून बघताना कुठून कुठे जायचं हे तान्ह्या बाळालाही समजावं. अडचण एवढीच, की गाडी चालवणारा माणूस ड्रोनच्या उंचीवर बसलेला नसतो. त्याला फक्त पुढच्या बसचा पार्श्वभाग आणि त्यावर लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद' दिसत असतं. पहिले काही आठवडे माणसं एनडीएला निघून बावधनला उतरत होती आणि बावधनला निघालेली महामार्गाला लागत होती. गाडी कुठेही न थांबता चुकत होती, हा जुन्या चौकाच्या तुलनेत मोठाच फायदा म्हणायचा. पूर्वी तिथे अर्धा तास उभं राहून मग चुकावं लागे.

पायी चालणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईहून येणाऱ्या बसमधून दोन पिशव्या आणि एक पोर घेऊन उतरलेली बाई समोरच्या कोथरूडला कशी जाणार, हा प्रश्न उद्घाटनानंतर लोकांना पडला. सतरा किलोमीटर रस्ते आखताना तिचा पहिला विचार झाला नाही, मग पादचारी पुलाच्या मागण्या, निवेदनं, पाहण्या असं रीतसर सगळं सुरू झालं. आपल्याकडे पादचारी हा नेहमी दुसऱ्या टप्प्यात येतो.

रस्ता सापडावा म्हणून पाट्या असतात. हिरव्या, भव्य आणि बऱ्याचदा प्रामाणिक. पण महामार्गाची पाटी महामार्गाच्या मापाने विचार करते. तुम्हाला जायचं असतं वारज्याला मावशीकडे आणि पाटीवर लिहिलेलं असतं सातारा, कोल्हापूर, बंगळुरू. वारज्याला जाण्यासाठी आधी बंगळुरूला जायची मनाची तयारी दाखवावी लागते. उलट बाजूने येताना बाणेरच्या माणसाला मुंबईच्या बाणामागे मुकाट जावं लागतं. ज्या पाटीवर नेमकं आपल्या पेठेचं, उपनगराचं नाव असतं ती रॅम्प फुटतो तिथेच उभी केलेली असते, म्हणजे वाचून होईपर्यंत ती मागच्या गाडीच्या उपयोगाची झालेली असते. आणि जी पाटी योग्य जागी, योग्य अंतरावर, योग्य मजकुराची असते तिच्यावर दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. शहर कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही, पण शहराचं भावी नेतृत्व कोण ते कळतं.

पाटीवर भागत नाही म्हणून फोनमधली बाई बोलावली. नकाशावाल्या बाईंचा आवाज गोड आहे, धीर अफाट आहे आणि कितीही वेळा चुकलं तरी त्या "मी सांगितलं होतं" असं म्हणत नाहीत. घरोघरी त्यांचा मान वाढला तो यामुळे. पण बऱ्याच काळपर्यंत त्यांना एक गोष्ट कळत नव्हती, ती म्हणजे उंची. नकाशावर पुलाचा रस्ता आणि पुलाखालचा रस्ता एकमेकांवर बसतात, त्यामुळे गाडी वर आहे की खाली याचा त्यांना पत्ता लागत नसे. पुलाच्या ऐन मध्यावर, जमिनीपासून तीन मजले वर असताना त्या शांतपणे म्हणत, "आता डावीकडे वळा." डावीकडे कठडा आणि त्यापलीकडे कोणाच्या तरी घराचं धुणं वाळत घातलेलं. अखेर जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या नकाशांत पूल आला की वर चढायचं की खालून जायचं हे आधी सांगण्याची सोय आणली. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीला शेवटी आपल्या यजमानांचाच प्रश्न विचारावा लागला.

बाईंची एक खोड मात्र कायम आहे. प्रवास सुरू करताना त्या म्हणतात, "ईशान्येकडे जा." मराठी माणसाला ईशान्य दिशा घरात देवघर कुठे मांडायचं एवढ्यापुरती ठाऊक असते आणि आग्नेय शेगडीपुरती. सोसायटीच्या दारात गाडी उभी असताना ईशान्य कुठे हे कळायला आधी वर जाऊन देवाला नमस्कार करून यावं लागतं.

रॅम्प सापडला, घेतला, तरी परीक्षा संपत नाही. गोल रॅम्पच्या तोंडाशी ४० ची पाटी असते. ती सूचना नसून विनोद आहे असं मानणारे बरेच जण शेवटी टायरांचा आवाज ऐकून गंभीर होतात. वळणावरचा रस्ता आतल्या बाजूला उतरता, बाहेरच्या बाजूला उचललेला असतो. गाडी वळताना बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तो मुद्दाम तसा बांधतात. मामांचं निदान वेगळं आहे. "बघ, एका बाजूने खचलाय. कंत्राटदाराने पैसे खाल्ले." उतार मोजून ठेवलेला असतो असं सांगितल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मीच कंत्राटदाराचा भागीदार असावा. त्यांनी रस्त्याकडे बघावं म्हणून मी तो आरोप मान्य केला.

रॅम्पच्या शेवटी महामार्गात मिसळायचं असतं. तिथे काही अंतर एक जादाची लेन दिलेली असते. त्या लेनमध्ये वेग वाढवायचा, मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगाशी जमवून घ्यायचं आणि फट मिळाली की आत शिरायचं, अशी अपेक्षा. आपला सज्जन माणूस काय करतो? तो लेनच्या सुरुवातीलाच गाडी पूर्ण थांबवतो. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी दाराशी थांबून "येऊ का?" विचारावं, तसा तो महामार्गाला विचारत उभा राहतो. महामार्गावरून ताशी ८० च्या वेगाने कंटेनर जात असतात, ते काही "या, बसा" म्हणत नाहीत. मागे रॅम्पवर रांग लागते, हॉर्न वाजू लागतात आणि हॉर्नला घाबरून तो शून्य वेगाने कंटेनरसमोर जातो. याच्या उलट दुसरा पंथ आहे. तो जादाची लेन संपून दुभाजक येईपर्यंत सुसाट जातो आणि शेवटच्या वीस फुटांत डोळे मिटून आत घुसतो. देवावर या दोन्ही पंथांची श्रद्धा सारखीच, फक्त पहिला देवाला थांबून हाक मारतो, दुसरा धावता धावता.

क्लोव्हरलीफमध्ये तर आणखी एक गंमत आहे. एका गोल रॅम्पवरून आत येणारे आणि पुढच्या गोल रॅम्पवर बाहेर जाणारे एकाच छोट्या पट्ट्यात एकमेकांना ओलांडतात. एकाला डावीकडून उजवीकडे यायचं असतं, दुसऱ्याला उजवीकडून डावीकडे. वाहतूक वाढली की त्या पट्ट्यात कोंडी होते, म्हणून गर्दीच्या ठिकाणी आता जगभर थेट रॅम्पना पसंती देतात. ते अभियंत्यांचं झालं. आपल्याकडे त्या पट्ट्यातले दोन्ही चालक एकमेकांकडे पाहून "आधी तू" असं कधी म्हणत नाहीत, त्यामुळे प्रश्न अभियांत्रिकीचा उरतच नाही.

समृद्धी महामार्गावर चुकणं हा श्रीमंती शौक आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा. तिथे इंटरचेंज हाकेच्या अंतरावर नसतात. गप्पांच्या नादात आपला फाटा सुटला की पुढच्या फाट्यापर्यंत बराच वेळ गाडीत शांतता असते, आणि टोल किलोमीटरवर असल्याने त्या शांततेचेही पैसे पडतात. मामी म्हणतात, हा रस्ता चांगला आहे, यांना पहिल्यांदाच चुकल्याची पावती मिळाली.

अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं आणि लोकांनी लगेच त्याची चौपाटी केली. २१.८ किलोमीटरचा सागरी पूल, थांबायला बंदी, आणि कठड्याशी ओळीने उभ्या मोटारी. आजी, सून, नातवंडं, सगळ्यांचे समुद्रासोबत फोटो. पोलिसांना दंडाच्या पावत्या फाडत फिरावं लागलं. ज्या देशात पूल पूर्ण होतो का याचीच खात्री नसते, तिथे पूर्ण झालेल्या पुलासोबत फोटो काढावासा वाटला तर त्यात भावना समजून घ्यायला हवी. पावती मात्र भरायलाच हवी.

एक बाजू इथे वाहनचालकांच्या वतीनेही मांडायला हवी. फाटा चुकणारे फक्त आपणच नाही. अंधेरीचा नवा गोखले पूल २०२४ च्या फेब्रुवारीत एका बाजूने खुला झाला, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाची आणि त्याची उंचीच जुळेना. दोघांमध्ये सुमारे दीड मीटरचं अंतर. आपल्याला वरून की खालून हे कळत नाही हे ठीक, पण इथे पुलांनाच कळलं नव्हतं. शेवटी बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलला आणि जुलैत दोघांची भेट झाली. नागपूरला २०२५ मध्ये इंदोरा-दिघोरी पुलाचा गोल भाग अशोक चौकात एका घराच्या बाल्कनीला जाऊन भिडला. बाल्कनीत उभं राहून पुलावरच्या माणसाशी हात मिळवता येईल अशी सोय जगात कुठे नसेल. त्याच वर्षी भोपाळमध्ये ऐशबागचा रेल्वेवरचा पूल इतका काटकोनात वळला, की तिथल्या सरकारने अभियंत्यांना निलंबित केलं. पुण्याच्या विद्यापीठ चौकातले पूल २०२० साली मेट्रोसाठी पाडले आणि तिथेच नवा दुमजली पूल उभारला, त्याची एक बाजू २०२५ च्या ऑगस्टमध्ये उघडली. मधली पाच वर्षं त्या चौकाने 'वरून की खालून' हा प्रश्न मिटवून टाकला होता. वरूनही नाही आणि खालूनही नाही.

आणि खालून जाण्यात कमीपणा नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत जेजे उड्डाणपूल, पूर्व मुक्त मार्ग आणि अटल सेतू यांवर दुचाकींना बंदी आहे, म्हणजे शहरातला फार मोठा वर्ग कायमचा खालून जाणारा आहे. पण खरं शहर खालीच असतं. वडापावची गाडी, पंक्चरवाला, सावलीत उभे असलेले वाहतूक पोलीस, हे सगळे पुलाखाली. माटुंग्यात तर रहिवाशांनी पाठपुरावा करून पुलाखालच्या जागेत २०१६ साली बाग करून घेतली. तिथली पायवाट नर्मदेच्या प्रवाहाच्या आकाराची आहे. वरून जाणाऱ्याला चार मिनिटं वाचवल्याचं समाधान मिळतं, खालच्याला नर्मदा परिक्रमा घडते.

वाचवलेल्या त्या चार मिनिटांचं काय होतं, हे कोणीही सांगेल. ती पुढच्या सिग्नलला खर्च होतात. पुलाने कोंडी सुटत नाही, ती पुढच्या चौकात पोचते, आणि पूर्वीपेक्षा लवकर पोचते. मग त्या चौकात पूल बांधण्याची मागणी होते. असं करत करत एक दिवस कोंडी थेट गावाच्या वेशीबाहेर जाईल, हे नियोजन फार दूरदृष्टीचं असावं.

तोवर आपल्याला याच रस्त्यांवरून जायचं आहे. रस्ते बांधणाऱ्यांकडे मागणं मोठं नाही. पाट्या अर्धा किलोमीटर आधी लावा, त्यांवर बंगळुरूबरोबर वारजेही लिहा, दादांचा वाढदिवस दुसरीकडे साजरा करा आणि पिशव्या घेऊन उतरलेल्या बाईला रस्ता ओलांडायची जागा पहिल्या आराखड्यातच द्या.

आणि गाडी चालवणाऱ्यांनी एकच गोष्ट पाळावी. फाटा सुटला तर सुटू द्यावा. रॅम्पवर रिव्हर्स घेऊ नये, पट्टेरी त्रिकोणात सभा भरवू नये आणि उलट्या दिशेने तर मुळीच येऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या फाट्यावरून वळून यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जेवायला बोलावणारे यजमान तेवढा वेळ थांबतात, आमटी पुन्हा गरम करता येते.